सतरा इंची

मुहन्नाने गाडी पिकअपमधून उतरवली
तेव्हा चेनमधून बिदियाची वाळू सांडली,
वादी कबीरच्या आमच्या तेलकट शटरपुढं.
मूठभर. तांबूस.
नुवान झाडू घेऊन धावला. राहू दे म्हटलं.

दोनशे पन्नासची टू-स्ट्रोक, माझ्या लग्नाच्या वर्षातली.
पुढं एकवीस इंच, मागं अठरा,
टायरला अंगठ्याएवढे गुटके, निम्मे झिजलेले.
"डॉक्टर म्हणाला वाळू बंद,"
कमरेवर हात ठेवून मुहन्ना सांगतो,
"डांबराचं काही बोलला नाही."
आमरातच्या घाटाकडं त्यानं हनुवटी उडवली.
मग मीही काही बोललो नाही.

हब जुनेच ठेवले, रिम नवे.
सतरा आणि सतरा. टायर रुंद, गुळगुळीत,
रस्त्याला तळहातासारखे टेकणारे.
व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी पहिला स्पोक,
मग एकेक, तिघांना ओलांडून चौथ्याच्या जागी, छत्तीस.
हे मी गडहिंग्लजला शिकलो, चौथीत,
तासावर सायकली देणाऱ्या पोवारांच्या दुकानात.
चाक बांधायचं, मोबदला अर्धा तास सायकल.
स्पोकला पान्यानं टिचकी मारायची.
ढिला असेल तो थप्प बोलतो,
ताणलेला बोलतो टिंग,
सगळे एका सुरात आले की हात काढायचा.
इथं डायल गेज आहे, जपानी, डबीतलं.
तरी मी आधी टिचकीच मारतो
आणि नुवान हसतो.

मागचं टायर चेनला घासत होतं, दोन सूत.
लेथवर बुश काढला. मग दुसरा काढला.
पहिला चुकला हे मुहन्नाला सांगितलं नाही,
त्याला कुठं मराठी वाचता येतं.
ब्रेकची डिस्क परातीएवढी मोठी आणली त्यानं,
मग कॅलिपर सरकवायला पट्टी,
करवत, कानस, करवत, कानस,
अ‍ॅल्युमिनियमचा भुसा चहाच्या कपात.
मागचं पन्नास दात्यांचं चक्र काढून चव्वेचाळीसचं.

"काटा आता खोटं बोलणार," मी म्हणालो.
"चाक लहान, फेरे जास्त.
साठ दाखवेल तेव्हा बावन्नवर असाल."
मुहन्नाने विचार केला.
"या वयात बरंच आहे ते."

गुरुवारी रात्री सगळं आवळून झालं.
साइड स्टँड लावला, मागं सरलो,
आणि गाडी डावीकडं कलायची ती ताठ उभी राहिली
एक क्षण, पाहुण्यासारखी,
मग उजवीकडं माझ्या मांडीवर आली.
गाडी खाली आली होती. तिचा पाय जुन्याच उंचीचा.

मला गेला मे महिना आठवला.
सोळा वर्षं इथं, दर दोन वर्षांनी एक महिना तिथं.
पहाटे चारला घरी पोचलो,
अंधारात भिंतीवर हात फिरवत राहिलो.
बटण सापडेना.
मुलीनं आतून लावला दिवा.
"बाबा, ते खाली घेतलंय. कधीचंच."
माझा हात अजून वर, छातीच्या उंचीला.

स्टँड दीड इंच कापला, वेल्डिंग केलं, रंग नाही.
तेवढ्यात उजाडलं.

मुहन्नाने तीन किका मारल्या. काही नाही.
चोक. चौथी.
निळा धूर, तेलाचा तो जळका गोड वास,
आणि शेजारच्या काचवाल्याची शिवी, मल्याळममध्ये.
मग तो गेला.
आम्ही शटरखाली उभे राहून ऐकत होतो.
तिसरा गिअर. चौथा. डोंगराआड थोडा दबला,
परत वर आला, वळणाला खाली उतरला,
नुवान बोटांवर काहीतरी मोजत होता.
मग नुसते एसीचे आवाज.

शटरपुढच्या वाळूवरून चाक गेलेलं.
सपाट पट्टा, एकाही गुटक्याचा ठसा नाही.
नुवान झाडू घेऊन माझ्याकडं बघत राहिला.
मी म्हटलं, मार आता.